गेलेल्या माणसाच्या लीळा

दिवाळी अंक ज्या घरात जातो त्या प्रत्येक घरावर आकाशकंदील असतोच असे नाही. ज्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेले, त्या घरी पहिला सण मुका असतो. तेलाची कढई चढत नाही. शेजारपाजारचे आणि सोयरे फराळाचे ताट रुमालाखाली झाकून आणतात, दोन शब्द बोलतात, आणि मुलांच्या फटाक्यांचा आवाज आला की उगीच ओशाळे होऊन उठतात. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे. इतरांनी वाचू नये असे मात्र नाही. असा सण आज ना उद्या प्रत्येक घराच्या वाट्याला येतोच.

भेटायला येणारी माणसे सल्ले देतात. ‘पोथी लावा’, ‘नातवंडांत मन रमवा’, ‘चार दिवस बाहेर जाऊन या’ हे झाले जुने सल्ले. अलीकडे त्यांत एका नव्याची भर पडली आहे : ‘डायरी लिहीत जा, मन हलके होईल.’ माझे यजमान गेले त्याला येत्या माघात तीन वर्षे होतील. त्यांच्या तेराव्यानंतर माझी एक भाची मला सोनेरी कडांची एक सुरेख डायरी देऊन गेली. मुलगी समजूतदार आहे, आणि तिने ती डायरी मोठ्या मायेने आणली होती. मीही रोज रात्री लिहायला बसे. पहिल्या दिवशी लिहिले की झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी लिहिले की झोप लागत नाही, आणि संध्याकाळी फाटक वाजले की दचकायला होते. नवव्या दिवशी मागची पाने चाळली तेव्हा सगळीकडे तेच. तारीख तेवढी बदललेली. त्या नऊ पानांत मी होते, माझी उशी होती, माझे डोळे होते. ज्यांच्यासाठी हा सारा आकांत, त्यांचे मात्र एक वाक्यही नव्हते.

ही डायरीची कल्पना निराधार आहे असे कोणी समजू नये. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली आपल्या एका सहकारी विद्यार्थिनीसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातील मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहून उठल्यावर मुले अधिकच कष्टी दिसत. परंतु पुढच्या काही महिन्यांत, घडलेली हकीकत आणि त्या वेळच्या भावना असे दोन्ही लिहिणारी मुले दवाखान्याची पायरी कमी वेळा चढली. त्यानंतर या विषयावर जगभर शेकडो प्रयोग झाले. काहींत गुण दिसला, काहींत दिसला नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग हॉलंडातला आहे. जोडीदाराच्या मृत्यूने एकाकी झालेल्या लोकांना असेच लिहायला लावून पाहिले गेले, आणि २००२ साली त्या संशोधकांनी निष्कर्ष मांडला की, नुसत्या भावना कागदावर उतरवल्याने या लोकांचे दुःख लिहिणाऱ्या नसणाऱ्यांपेक्षा लवकर ओसरले असे दिसत नाही. मला हे वाचून फार बरे वाटले. माझ्या नऊ पानांना हॉलंडातून साक्ष मिळाली!

मग लिहायचे तरी काय? याचे उत्तर मला अमेरिकेत नव्हे, तर आमच्याच बुलढाणा जिल्ह्याच्या मातीत मिळाले, आणि तेही सातशे वर्षांहून जुने.

मी बावीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले. ‘लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ, कर्ता म्हाइंभट’ हे वाक्य मी किती वर्गांना फळ्यावर लिहून दिले असेल याचा हिशेब नाही. त्यापलीकडे त्या ग्रंथाशी माझा संबंध मार्कांपुरताच. पुढे त्याच वर्षी पावसाळ्यात मेहकरला चुलतबहिणीकडे चार दिवस राहायला गेले. पैनगंगेच्या काठचे हे गाव. शेजारी एक महानुभाव कुटुंब होते. त्यांच्या घरातील आजी रोज पहाटे डोळे मिटून, ओठ हलवीत तासभर बसत. जप करीत असतील असे मला वाटले. एकदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जप नव्हे बाई, स्मरण. स्वामी इथं आले, इथं बसले, इथं अमुक बोलले, ते एकेक आठवायचं.’ चक्रधरस्वामी मेहकरला येऊन राहिले होते, आणि लोणारलाही. लोणारात यादवांचा राजा कृष्णदेव, ज्याला त्या काळी कान्हरदेव म्हणत, तो त्यांच्या भेटीस आल्याची लीळा प्रसिद्धच आहे. आजींच्या लेखी हे सारे परवा घडल्यासारखे होते.

बुलढाण्यास परत आल्यावर वाचनालयातून लीळाचरित्राची डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत आणली. हे कोलते मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. मलकापूर तालुक्यातील नरवेल या गावी १९०८ साली जन्मलेले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पंथाबाहेरच्या या माणसाने महानुभावांच्या पोथ्या धुंडाळण्यात उभा जन्म घालवला, आणि १९७८ साली हा ग्रंथ शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाला. त्याआधी ह. ना. नेने यांनी तो भागाभागाने छापला होता. ते जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन मी बसले, आणि या वेळी ते मी परीक्षेसाठी वाचत नव्हते.

हा ग्रंथ झाला कसा, ते पाहा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधर आपल्या शिष्यांना सोडून गेले. देह ठेवला म्हणा, की पंथाच्या श्रद्धेप्रमाणे उत्तरापंथे गेले म्हणा. मागे राहिलेल्यांचा वियोग तोच. शिष्यमंडळी अमरावतीकडील ऋद्धिपूर येथे गोळा झाली. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख. परंपरा सांगते की, नागदेवाचार्य एकांती बसून गेलेल्या गुरूंच्या एकेका लीळेचे स्मरण करीत, आणि ते म्हाइंभटांनी पाहिले. हे म्हाइंभट मूळचे मोठे शास्त्री. त्यांनी विचारले, आपण काय आठवता? उत्तर ऐकल्यावर त्यांनी विनंती केली की, हे मला सांगावे, मी लिहून घेतो. नागदेवाचार्यांनी आपल्याला ठाऊक ते सांगितले, आणि जे आपल्या पाठीमागे घडले ते ज्याच्या त्याच्याकडून ऐकण्यासाठी म्हाइंभट गावोगाव फिरले. कोणी विद्वान, कोणी म्हातारी बाई, कोणी खेड्यातला साधा भक्त. ज्याच्यासमोर जे घडले ते त्याच्याच तोंडून घ्यायचे, असा त्यांचा बाणा.

लिहिले काय, तर तत्त्वज्ञान आहेच, पण त्याहून किती तरी अधिक म्हणजे दिवसभराचे वागणे. स्वामी कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला बसले, बाइसांनी काय रांधले, आरोगणा केव्हा झाली, कोणाची थट्टा केली, कोणावर रुसले. ठिकाण आधी, मग प्रसंग, मग बोललेले शब्द. शोक करणाऱ्यांनी लिहिलेल्या या पुस्तकात शोकाचे पाल्हाळ नाही. ज्याच्यासाठी रडायचे तोच पानोपानी चालतो-बोलतो आहे.

दुसरी एक गोष्ट मला याहूनही मोलाची वाटली. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला, तर या मंडळींनी त्यांतला एक खोटा ठरवून खोडला नाही. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, असे दोन्ही पाठ ठेवले. अशा पाठभेदाला त्यांच्यात ‘वासना’ म्हणतात. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि हिराइसा नावाच्या बाईला ती मुखोद्गत असल्याने पुन्हा उभी राहिली, असे परंपरा सांगते. त्यामुळे वेगवेगळ्यांच्या आठवणींचे वेगवेगळे पाठ झाले, आणि तेही जतन केले गेले. भाषेचा प्रश्न निघाला तेव्हा, संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, या अर्थाचे उत्तर नागदेवाचार्यांनी दिल्याचे प्रसिद्धच आहे. ज्या बोलीत ते माणूस आपल्याशी बोलले, त्याच बोलीत त्याला लिहावे, हे मी त्यातून घेतले.

आमचे हे जमीन मोजणी खात्यात होते. नोकरीचा बहुतेक काळ मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांत गेला. आता मोजणी यंत्रावर होते. त्यांच्या उमेदीच्या काळात ३३ फुटांची साखळी आणि प्लेन टेबल घेऊन उन्हात धुऱ्याधुऱ्याने फिरावे लागे. (आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात.) त्यांच्या कपाटात हिशेबाच्या चार कोऱ्या वह्या निघाल्या. मी म्हटले, याच घ्याव्यात. सोनेरी कडांच्या डायरीवर बैलगाडी आणि साखळी शोभली नसती.

वहीत मी प्रथम गावांची नावे लिहिली, एकेका पानावर एकेक गाव. महानुभावांची ‘स्थानपोथी’ म्हणून एक पोथी आहे. स्वामी जेथे जेथे राहिले त्या जागांची त्यात नोंद असते, आणि भाविक आजही त्या ओट्यांचे दर्शन घेत फिरतात. त्यावरून मला ते सुचले. ‘ह्यांच्याविषयी लिही’ म्हटले की हात थांबतो. ‘देऊळगावराजाला भाड्याच्या घरात काय काय झाले’ म्हटले की शाई पुरत नाही. छप्पर गळत असे त्या घराचे. हे रात्री छत्री उघडून अंथरुणावर बसत आणि म्हणत, ‘सरकारी नोकराला दोन छपरं पाहिजेत.’ हे वाक्य मी पंचवीस वर्षांत एकदाही आठवले नव्हते.

माझ्याजवळचे संपल्यावर मी मागायला निघाले. प्रथम त्यांची साखळी धरणारे एक जुने मदतनीस आठवले. आता थकले आहेत, खेड्यावर मुलाजवळ राहतात. त्यांना फोन केला आणि म्हटले, ‘भाऊ, साहेबांची एखादी गोष्ट सांगा, मी लिहून ठेवते आहे.’ पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग म्हणाले, ‘बाई, साहेबांची एक रीत होती. मोजणी म्हणजे दोन भावांचं भांडण. साहेब एका घरी चहा घेत नव्हते. घेतला तर दोन्हीकडं घ्यायचे, आन् दोन्हीकडं सारखाच, दोन-दोन कप. दिवसाला आठ कप व्हायचे.’ आता हे ऐका. हे घरी आले की हातपाय धुऊन म्हणत, ‘आज दिवसभरात चहाचं तोंड पाहिलं नाही,’ आणि मी आले घालून मोठा पेला भरून देई! मी दोन्ही पाठ लिहिले आहेत. पहिला माझा, खाली वासना त्या भाऊंची. तो मजकूर लिहिताना मी एकटी स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. त्या घरात नऊ महिन्यांत प्रथमच कोणी हसले असेल.

खरा प्रश्न मुलाचा होता. तो पुण्याला असतो. वडील गेल्यापासून दर रविवारी नेमाने फोन करी. औषधे घेतलीस का, बँकेचे काम झाले का, गॅस आला का. वडिलांचे नाव मात्र काढीत नसे, आणि मी काढले तर विषय बदली. सूनबाई सांगे, घरीही तसेच. त्याला ‘मन मोकळं कर’ म्हणण्यात अर्थ नव्हता. आजवर कोणत्या पुरुषाचे मन आईने असे सांगून मोकळे झाले आहे? एका रविवारी मी त्याला कामच सांगितले. म्हटले, ‘माझ्या वहीत लोणारचं पान कोरं आहे. तू तिथं बाबांबरोबर गेला होतास. एक गोष्ट पाहिजे. कुठं उभे होतात आणि काय बोलले, एवढंच सांग.’

‘आठवून सांगतो,’ म्हणाला, आणि फोन ठेवला. रात्री अकराला त्याचा पुन्हा फोन. लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते : उल्कापाताने झालेला तो प्रचंड खड्डा आहे, व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, आणि काठावर उभे राहिले की पाणी खोल खाली दिसते. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. वाट उतरायची होती. अर्ध्यावर बाप थांबला, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाला, ‘बाळ, माझा हात धर. मला खाली पाहिलं की गरगरतं.’ मुलगा पुढे आणि बाप मागे, असे हात धरून दोघे तळापर्यंत गेले. परतताना यांनी त्याला बजावले, ‘आईला सांगू नको.’ आणि त्याने तीस वर्षे सांगितले नाही.

माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर मी लिहिले होते की, या माणसाला कशाचे भय म्हणून नव्हते. ते तसेच ठेवले आहे. लोणारच्या पानावर मुलाचा पाठ आहे, त्याच्याच शब्दांत. सांगून झाल्यावर तो म्हणाला, ‘आई, दवाखान्यात शेवटी त्यांनी माझा हात असाच धरला होता,’ आणि मग त्याला पुढे बोलता येईना. मी फोन कानाशी धरून बसून राहिले. त्यानंतर दर रविवारी तो एखादी तरी गोष्ट आणतो. बँकेचे आणि गॅसचेही विचारतोच.

शोकातून लिहिलेली पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक १९१० सालचे. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले, आणि त्यांच्या चरित्राला साहित्य म्हणून लक्ष्मीबाई आठवणी टिपू लागल्या, त्यांतूनच पुढे ‘स्मृतिचित्रे’ झाली. थोर पुस्तके आहेत. पण ती हाती घेतली की आपली लेखणी गप्प बसते, म्हणून पहिल्या वर्षी न वाचलेली बरी, असे माझे आपले मत. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांची एक गोष्ट मात्र जरूर ध्यानात ठेवावी. १९६० साली त्यांची पत्नी गेली. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत त्यांनी आपले दुःख लिहिले, आणि ठरवले की घरातल्या वह्या संपल्या की थांबायचे, यासाठी नव्या विकत आणायच्या नाहीत. ते लिखाण पुढच्याच वर्षी टोपणनावाने प्रसिद्ध झाले. दुःखाला असे धुरे घालून घेणारा हा गृहस्थ मोजणी खात्यात शोभला असता.

वहीने सगळे होते असे मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीत एक बाई आहेत, त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्यांना मी वही सुचवली नाही. जिथे आठवणच चटका देते तिथे ती मागायला जाऊ नये, वेळ जाऊ द्यावा. महिनोन्महिने अन्न-झोप तुटलेली असेल, जगणे नको वाटत असेल, तर तो वहीचा विषय नव्हे, डॉक्टरांचा आहे. शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. यात लाज कसली? दात दुखला की आपण जातोच ना?

ज्यांना वही धरायची त्यांना मी एवढेच सांगेन की, बसण्याची वेळ रात्रीची ठेवू नका. मी दुपारी, भांडी झाल्यावर, चहाच्या आधी बसते. एक पान झाले की उठते. आणि गेलेल्या माणसाचे दोषही लिहावेत. आमचे हे घोरत, आणि उसने दिलेले पैसे परत मागायची त्यांना लाज वाटे. त्यापायी घराचे नुकसान झाले. मी ते आकड्यासह लिहिले आहे. नुसता देवमाणूस लिहिला की चार पानांत संपतो, आणि मग तो आपला राहत नाही, तसबिरीतला होतो.

सध्या चौथी वही चालू आहे, आणि तिच्यात एक वाद अडकून पडला आहे. यांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सारे आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, राहणे चिखलीला. हे लहानपणी पुराच्या पाण्यातून जनावराच्या पाठीवर बसून आले, ही गोष्ट मला यांनीच सांगितलेली, आणि यांच्या सांगण्याप्रमाणे तो बैल होता. आक्कांना वाचून दाखवले तर त्या उसळल्या. ‘तसं नव्हतं वं ते! बैल कुठला? म्हैस होती, आपली भुरी म्हैस. अन् तो बसला नव्हता, शेपूट धरून लोंबकळत होता, रडत होता.’ मी म्हटले, दोन्ही पाठ ठेवते. त्यांना ते मुळीच पसंत पडले नाही. भाऊ गेल्यापासून त्या भाऊबीजेला अंगणात येऊन चंद्राला ओवाळतात. यंदा मात्र भाऊबीजेला त्या आमच्याकडे येणार आहेत, आणि त्या वेळी काठावर उभा असलेला गावचा एक म्हातारा साक्षीदार सोबत घेऊन येते, असे त्यांनी कळवले आहे. पान अर्धे सोडून ठेवले आहे.